क्रोम खरंच विकला जाणार आहे का? माझ्या पासवर्डचं काय होणार?

स्वरूपा_गंगापूररोड
१४ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. परवापासून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चाललंय की गूगलने क्रोम विकला, सगळ्यांचे पासवर्ड आता दुसऱ्या कंपनीकडे जाणार, आजच्या आज डिलीट करा. एक जण म्हणतो साडेचौतीस अब्ज डॉलरला सौदा ठरला, दुसरा म्हणतो चॅटजीपीटीवाल्यांनी घेतला, तिसरा म्हणतो अमेरिकेच्या कोर्टाने जबरदस्तीने विकायला लावलाय. नक्की काय ते कोणालाच धड सांगता येत नाहीये.

मी तांत्रिक माणूस नाही. एका कर सल्लागारांकडे नोकरी करते आणि माझं सगळं क्रोममध्येच आहे हो, बाबांच्या पेन्शनचं लॉगिन, लाइटबिल, विम्याचे हप्ते, आणि ऑफिसमधल्या पन्नास-साठ क्लायंटचे आयकर पोर्टलचे पासवर्डसुद्धा (ते तिथे ठेवायला नको होते हे मला कळतं, त्यावरून रागावू नका).

घाबरायचं कारण असं की मी एकदा पोळलेय. एक नोट्सचं ॲप वापरायचे, आई असताना तिच्या तोंडून ऐकून ऐकून पाककृती त्यात टाइप केल्या होत्या, मेथांब्याला गूळ किती, भाजणीत धणे किती, असं तिच्या मापात, वाटी आणि मूठ. ते ॲप कोणीतरी विकत घेतलं, महिन्याभरात तुमचा डेटा उतरवून घ्या असा मेल आला आणि तो मेल स्पॅममध्ये पडून राहिला. मला कळलं तेव्हा दुकान बंद. आई आता नाही, त्यामुळे परत विचारायचीही सोय नाही.

म्हणून विचारते, ही बातमी खरी आहे की नुसती कंडी? असं ब्राउझर विकत घेणं याआधी कधी झालंय का आणि वापरणाऱ्यांचं तेव्हा काय झालं?


निळाई
१४ ऑगस्ट २०२५

ताई, आधी निवांत व्हा, काहीही विकलं गेलेलं नाही. ग्रुपवर आलेल्या तिन्ही गोष्टींत थोडं थोडं खरं आहे आणि तिन्ही एकत्र कालवल्यामुळे घोळ झालाय.

कोर्टाचं असं की अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. गेल्या वर्षी, ५ ऑगस्ट २०२४ ला, न्यायाधीश अमित मेहतांनी निकाल दिला की सर्चच्या धंद्यात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवून ठेवली. आता शिक्षा काय द्यायची हे ठरायचंय, आणि सरकारी वकिलांची मागणी आहे की गूगलला क्रोम विकायला लावा. मागणी आहे, हुकूम नाही. निकाल अजून यायचाय.

याच सुनावणीत एप्रिलमध्ये ओपनएआयचा, म्हणजे चॅटजीपीटीवाल्यांचा, माणूस साक्षीला आला होता, त्याने सांगितलं की क्रोम विक्रीला निघाला तर आम्हाला घ्यायला आवडेल. याहूवालेही तेच म्हणाले. म्हणजे नवरी अजून घरातच आहे आणि मांडवाबाहेर मुंडावळ्या बांधून दोघं उभे.

आणि परवाची बातमी म्हणजे पर्प्लेक्सिटी या एआय सर्चच्या कंपनीने गूगलला पत्र देऊन ३४.५ अब्ज डॉलर देऊ केले, रोख. त्या कंपनीची स्वतःची किंमत जुलैमध्ये १८ अब्जाच्या आसपास धरली गेली होती, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम ते देऊ करतायत, म्हणे मोठे गुंतवणूकदार पाठीशी आहेत. गूगलने क्रोम विकायला काढलेलाच नाही. याच पर्प्लेक्सिटीने जानेवारीत टिकटॉकच्या अमेरिकेतल्या धंद्यासाठीही असाच प्रस्ताव दिला होता. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, एवढीच आजची परिस्थिती आहे. तुमचे पासवर्ड आहेत तिथेच आहेत.


जुना_ऑपेराकर
१५ ऑगस्ट २०२५

याआधी असं झालंय का, या प्रश्नावर मला राहवत नाही, कारण माझ्या आवडत्या ब्राउझरच्या नशिबी वीस वर्षं हेच होतं.

ऑपेरा. नॉर्वेचा. टेलिनॉर ही तिथली सरकारी टेलिफोन कंपनी, तिथल्या दोन माणसांनी, यॉन फॉन टेच्नर आणि गाइर इवारशॉय यांनी १९९४ ला संशोधन म्हणून सुरू केला आणि १९९५ ला वेगळी कंपनी काढली. सुरुवातीला विकत घ्यावा लागायचा नाहीतर वर जाहिरातीची पट्टी यायची, २००५ च्या सप्टेंबरमध्ये ती पट्टी काढून पूर्ण फुकट केला. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आवई उठली की गूगल ऑपेरा घेतंय, आणि त्याच दिवसांत दुसरी की नाही नाही, मायक्रोसॉफ्ट घेतंय. मी तेव्हा सायबर कॅफेत रोज संध्याकाळी जाऊन वाचायचो आणि खरंच जीव खाली-वर व्हायचा, कारण मायक्रोसॉफ्टकडे इंटरनेट एक्सप्लोरर होता, त्यांनी ऑपेरा घेऊन केलं काय असतं, कपाटात ठेवून कुलूप लावलं असतं असंच वाटायचं. ऑपेरावाल्यांनी इन्कार केला आणि ते प्रकरण विरलं. उलट दोन वर्षांनी, २००७ च्या डिसेंबरात, ऑपेरानेच मायक्रोसॉफ्टविरुद्ध युरोपियन कमिशनकडे तक्रार केली की विंडोजसोबत स्वतःचा ब्राउझर चिकटवून देता म्हणून, आणि त्यातूनच २०१० ला युरोपात विंडोजवर ब्राउझर निवडायचा तो पडदा आला. ज्यांना विकत घेणार म्हणत होते त्यांनीच घेणाऱ्याला कोर्टकचेरीत ओढलं, याचा मला फार आनंद झाला होता. मग २०१२ च्या मे महिन्यात फेसबुक ऑपेरा घेणार अशी बातमी, शेअर एकदम वर गेला, आणि तेही झालं नाही.

आता हे सगळं मला एवढं का लागायचं ते सांगतो. माझं अंबाजोगाईला बसस्टँडजवळ मोबाईल रिचार्ज आणि दुरुस्तीचं दुकान होतं. २००९-१० च्या सुमाराला पोरं बटणाच्या फोनवर ऑपेरा मिनी टाकून घ्यायला यायची, कारण तो पान आधी त्यांच्या सर्व्हरवर उघडून, आवळून, बारीक करून फोनवर पाठवायचा, पैसे वाचायचे. पण मराठी पान उघडलं की नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन. तर त्यावर एक उपाय होता. पत्त्याच्या जागी ऑपेरा, मग दोन टिंबं, मग कॉन्फिग असं टाइप करायचं, एक लपलेलं पान उघडायचं, अगदी तळाशी जायचं, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट वापरू का असं विचारलेलं असायचं, ते नोचं यस करायचं आणि सेव्ह. झालं. मग तो सर्व्हर मराठी अक्षरांची चित्रं करून पाठवायचा आणि फोनला मराठी येत नसलं तरी माणसाला वाचता यायचं. मी हे शेकडो फोनवर करून दिलं असेल, कधी पैसे घेतले नाहीत. केज तालुक्यातले एक गुरुजी होते, निवृत्त, त्यांच्या फोनवर पहिल्यांदा मराठी पेपर उघडला तर ते दुकानाच्या पायरीवर बसून आख्खं पान वाचून मगच उठले, तोवर त्यांची एसटी निघून गेली होती.

त्या कंपनीत कोणालातरी सुचलं की ज्यांच्या फोनला लिपीच येत नाही अशीही माणसं जगात आहेत. त्यामुळे ती कंपनी विकली जाणार म्हटलं की मला आपल्या घरातलं कोणी परक्याच्या ताब्यात जातंय असं वाटायचं.

आणि शेवटी विकलीच. २०१६ ला चिनी कंपन्यांचा एक गट आला, आधी आख्खी कंपनी १.२ अब्ज डॉलरला ठरली होती, परवानग्या वेळेत मिळाल्या नाहीत म्हणून तो सौदा मोडला, मग फक्त ब्राउझरचा भाग साठ कोटी डॉलरच्या आसपास दिला. स्वरूपाताई, त्या वेळी वापरणाऱ्यांचं काय झालं म्हणाल तर बुकमार्क गेले नाहीत, पासवर्ड गेले नाहीत, कामही चालू राहिलं. पण माझा ऑपेरा त्याच्या तीन वर्षं आधीच गेला होता. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं की स्वतःचं प्रेस्टो इंजिन (साइटचा कोड वाचून पान पडद्यावर उभं करणारा आतला भाग) सोडून क्रोमचंच इंजिन घेणार. जे आलं त्यात काहीच नव्हतं. उजवं बटण दाबून माउस खाली आणि मग उजवीकडे ओढला की टॅब बंद व्हायचा, बंद केलेल्या टॅबची कचरापेटी असायची, आतच मेल होता, सगळं गेलं. सुरुवातीला तर साधे बुकमार्कसुद्धा धड नव्हते. मालक तेच, नाव तेच, आणि आतला माणूस बदललेला. म्हणून मी म्हणतो, विकला की नाही यापेक्षा आत काय राहिलं ते बघा.


वेब_कारागीर
१५ ऑगस्ट २०२५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी आलं, माझ्या आजोबांच्या फोनवर ते बिटमॅपवालं सेटिंग मीच केलं होतं, चौथी-पाचवीत असेन. पण प्रेस्टोच्या बाबतीत ऑपेरावाल्यांना थोडं माफ करा. मी पुण्यात वेबसाइट बनवायचंच काम करतो, तर त्यांची बाजू मला आतून दिसते.

ऑपेराचं इंजिन चांगलं असून उपयोग नव्हता कारण साइट बनवणारे त्याच्यावर तपासून बघतच नव्हते. एक उदाहरण देतो, आमच्या धंद्यातलं आहे पण सगळ्यांना कळेल. ब्राउझर साइटला आपलं नाव आणि आवृत्ती सांगतो. ऑपेरा १० येणार होता, दोन आकडी आवृत्ती, तर कित्येक साइट फक्त पहिला आकडा वाचायच्या, दहातला एक, आणि ठरवायच्या की हा ऑपेरा १ आहे, फार जुना, याला आत घ्यायचं नाही. शेवटी ऑपेराने काय केलं, नवीन ब्राउझर स्वतःला ९.८० म्हणवून घ्यायला लागला आणि खरा आकडा शेपटीला लपवून ठेवला. ११ आला, १२ आला, तरी पुढे नाव ९.८०च. २००३ मध्ये तर मायक्रोसॉफ्टची एमएसएन साइट ऑपेराला वेगळी बिघडलेली स्टाइलशीट (पानाची मांडणी ठरवणारी फाइल) पाठवत होती, मजकूर पानाबाहेर सरकायचा, ऑपेरावाल्यांनी ते पुराव्यानिशी दाखवलं होतं. असं दहा-पंधरा वर्षं लढायचं म्हणजे किती इंजिनिअर नुसते दुसऱ्यांच्या साइट दुरुस्त करण्यात घालवायचे. ते थकले. मला ते चूक वाटत नाही, वाईट वाटतं.

आता क्रोमकडे येतो, कारण इथे लोक काय विकलं जाणार हेच नीट बघत नाहीयेत. क्रोमचा गाभा म्हणजे क्रोमियम, तो ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आज फुकट उतरवून घेता येतो. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर त्याच्यावर चालतो, ब्रेव्ह चालतो, विवाल्डी चालतो, आजचा ऑपेरा चालतो, आणि पर्प्लेक्सिटीने जुलैत जो कॉमेट काढला तोही त्याच्यावरच. मग ३४.५ अब्ज कशाचे? तर तीन अब्जांहून जास्त माणसांच्या सवयीचे. नवीन टॅब उघडून वरच्या पट्टीत काहीतरी टाइप करायची जी सवय आहे ना, ती पट्टी कोणाकडे जाणार एवढाच सगळा सौदा. गूगलने २०२२ मध्ये ॲपलला त्यांच्या सफारी ब्राउझरमधल्या त्या एका पट्टीसाठी २० अब्ज डॉलर दिले, एका वर्षाचे, हे याच खटल्यात बाहेर आलं.

आणि मला काळजी वेगळीच आहे. क्रोमियमचं ९० टक्क्यांहून जास्त काम गूगलचे लोक करतात, हेही सुनावणीत आलंय. पर्प्लेक्सिटी म्हणते आम्ही दोन वर्षांत ३ अब्ज डॉलर क्रोमियमवर घालू. बरं, आणि तिसऱ्या वर्षी? इंजिनात सुरक्षेचं भोक सापडलं की ते रात्रीतून बुजवावं लागतं, आणि ते भोक एका क्रोममध्ये नसतं, या सगळ्या ब्राउझरमध्ये एकदमच असतं. ज्याला तो सांभाळायची ऐपत नाही त्याच्या हातात तो गेला तर तुमच्या बँकेचं पान ज्या खिडकीतून दिसतं तीच खिडकी कच्ची राहील. मला गूगल आवडत नाही, तरी हे म्हणावंसं वाटतं.


सह्यवारा
१६ ऑगस्ट २०२५

कारागीर, तुमचं तांत्रिक सगळं मान्य पण निष्कर्ष मान्य नाही. एकाच कंपनीकडे सर्च, जाहिरात, ब्राउझर आणि फोन, आणि मग म्हणायचं की ऐपत फक्त त्यांचीच आहे. अहो दुसऱ्या कोणाची ऐपत वाढूच दिली नाही म्हणूनच तर खटला आहे. फायरफॉक्सचं बघा, त्यांच्या कमाईतले ८५ टक्के गूगलच देतं. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच पैशावर घर चालतंय. आणि त्यातला पेच असा की गूगलने पैसे देणं कोर्टाने बंद केलं तर पहिला फायरफॉक्सच मरेल, हे त्यांच्याच अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं.

मोठ्या कंपनीने ब्राउझर विकत घेतल्याचं खरं उदाहरण हवं असेल तर नेटस्केप, नव्वदच्या दशकातला ब्राउझर. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये एओएल या अमेरिकेतल्या इंटरनेट कंपनीने ४.२ अब्ज डॉलरच्या शेअरच्या बदल्यात घेतला. आणि गंमत म्हणजे घेतल्यावरही एओएलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये आत इंटरनेट एक्सप्लोररच राहिला, कारण मायक्रोसॉफ्टशी त्यांचा आधीचा करार होता आणि तो त्यांना सोयीचा होता. घरात सून आणली आणि स्वयंपाक शेजारणीकडूनच. २००३ च्या जुलैत नेटस्केपचा विभाग बंद केला, माणसं कमी केली. पण कोड आधीच, १९९८ लाच, खुला केलेला होता, म्हणून मोझिला फाउंडेशन त्याच महिन्यात उभं राहू शकलं, एओएलने २० लाख डॉलर दिले सुरुवातीला. फायरफॉक्स त्यातूनच आला. कोड उघडा नसता तर तो कायमचा एओएलच्या गोदामात गेला असता. त्यामुळे क्रोम विकायला लावला तर जग बुडणार नाही, क्रोमियम उघडा आहे तोवर नाही.


मी_मुक्ता
१६ ऑगस्ट २०२५

तुम्ही सगळे फार छान बोलताय पण ताईंना आज रात्री काय करायचं ते कोणीच सांगितलं नाही.

ताई, क्रोममध्ये गूगल खात्याने साइन-इन केलेलं असेल तर तुमचे पासवर्ड नुसते क्रोममध्ये नसतात, तुमच्या गूगल खात्यात ठेवलेले असतात. तरी एक प्रत हाताशी ठेवा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये एक्सपोर्ट पासवर्ड्स आहे, कॉम्प्युटरचा पासवर्ड विचारेल, मग एक फाइल मिळेल. आता नीट ऐका, ती फाइल एक्सेलमध्ये उघडली की सगळे पासवर्ड उघडे दिसतात, कुलूप नाही काही नाही, त्यामुळे ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. एखाद्या वेगळ्या पासवर्ड मॅनेजर ॲपमध्ये भरा आणि फाइल लगेच काढून टाका, रिसायकल बिनमधूनही. बुकमार्कसाठी बुकमार्क मॅनेजर उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांत एक्सपोर्ट आहे, ती फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये चढते.

आणि क्लायंटचे पासवर्ड तुमच्या खाजगी खात्यात नकोतच. रागावत नाहीये, पण उद्या तुमचा फोन हरवला तर साठ लोकांचा प्रश्न होतो. साहेबांशी बोला. दोन खाती वेगळी करा.


निळाई
५ सप्टेंबर २०२५

धागा वर काढतेय, निकाल लागला म्हणून. २ सप्टेंबरला न्यायाधीश मेहतांनी सांगितलं की गूगलला क्रोम विकावा लागणार नाही. फक्त आमचंच सर्च ठेवा असे करार करता येणार नाहीत, सर्चचा काही डेटा स्पर्धकांना द्यावा लागेल, पण ॲपल आणि फायरफॉक्सवाल्या मोझिलाला पैसे देणं चालू ठेवता येईल. २ सप्टेंबर हा क्रोमचा वाढदिवसही, २००८ ला याच दिवशी आला होता.

आणि काल एक खरा सौदा जाहीर झाला, त्याची ग्रुपवर कोणाला खबरही नसेल. ॲटलासियन, ज्यांचं जिरा हे कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर आपल्यातले अर्धे लोक ऑफिसात वापरतात, त्यांनी आर्क आणि डिया हे ब्राउझर बनवणारी कंपनी ६१ कोटी डॉलर रोख देऊन घ्यायचं ठरवलंय.


वेब_कारागीर
५ सप्टेंबर २०२५

आर्क मी दोन वर्षं वापरलाय. उभे टॅब डावीकडे, प्रत्येक कामाची वेगळी जागा, फार विचार करून बनवलेला. त्यांनीच यावर्षी सांगून टाकलं होतं की आता आर्कमध्ये नवीन काही करणार नाही, सगळी माणसं डियावर. ऑपेराकर काका, तुमच्यासारखंच झालं माझं, विकायच्या आधीच गेला.


जुना_ऑपेराकर
५ सप्टेंबर २०२५

कारागीर, विवाल्डी वापरून बघा. आमच्या टेच्नरांनीच ऑपेरातून बाहेर पडल्यावर काढला, २०१६ ला पहिली पक्की आवृत्ती आली. इंजिन क्रोमचंच आहे, त्याला इलाज नाही, पण कंपनी तिथे काम करणाऱ्यांच्याच मालकीची आहे. उभे टॅब आहेत, मेल आहे, कचरापेटी आहे. उजवं बटण दाबून माउस खाली आणि उजवीकडे ओढला, टॅब बंद झाला, आणि मी बायकोला हाक मारून दाखवलं.


स्वरूपा_गंगापूररोड
६ सप्टेंबर २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ता, तुम्ही सांगितलंत तसंच केलं, एक्सपोर्ट करून पासवर्ड मॅनेजरमध्ये भरले, फाइल काढली, बिनही रिकामी केली. क्लायंटचं साहेबांशी बोलले, त्यांनी ऑफिससाठी वेगळी व्यवस्था केली, मला वाटलं ओरडतील पण नाही ओरडले. बाबांचं पेन्शनचं मात्र मी त्यांच्या निळ्या डायरीत हाताने लिहून ठेवलंय, कारण त्यांना तिथेच सापडतं.

काकांचं ते गुरुजी पायरीवर बसून वाचत होते ते मी बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

आणि पाककृतींचं सांगायचं राहिलं. सिन्नरच्या मावशीला फोन केला, तिला मेथांब्याचं आठवतंय, कैरीच्या निम्मा गूळ आणि मेथी अर्धा चमचा, तीही तेलात तांबूस होईपर्यंतच. भाजणीचं म्हणाली दोघी बसून आठवू. रविवारी जातेय, वही घेऊन.